पोटाच्या कॅन्सरची वेदना : ‘पाठीतलं इंजेक्शन’ अगदी शेवटी नको, वेळेवर विचारा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विट्याजवळच्या एका गावात, एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी मी भेटायला गेलो होतो. घरधनी जाऊन पंधरा दिवस झाले होते. वय चौसष्ट. गावात सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तेच म्हणत असे. चहा झाला, बोलणं झालं. निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, एक विचारू का? पाठीतलं ते इंजेक्शन आधीच का नाही दिलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर होतं, पण ते तेव्हा तोंडातून निघालं नाही. उत्तर असं होतं की मला ते वेळेवर सुचलंच नाही. हा लेख काकूंच्या त्या प्रश्नासाठी लिहितो आहे. उद्या तुमच्या घरात असा पेशंट असेल, तर निदान हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना आधी विचारावा. (तात्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तात्यांचं काय झालं?

तात्या पहिल्यांदा माझ्याकडे आले ते ‘ॲसिडिटी’ म्हणून. पोटात वरच्या बाजूला दुखायचं आणि ते दुखणं थेट पाठीत जायचं. त्याआधी पाठीसाठी एका ठिकाणी एक्स-रे झाला होता, पट्टा लावून झाला होता. मी एक गोष्ट विचारली, “झोपल्यावर बरं वाटतं का बसल्यावर?” ते म्हणाले, “उताणं झोपलं की जास्त दुखतंय. पुढं वाकून, उशी पोटाशी धरून बसलं की जरा बरं.”

मणक्याचं दुखणं बहुतेक वेळा आडवं पडल्यावर कमी होतं. आडवं पडल्यावर वाढणारं आणि पुढे वाकल्यावर कमी होणारं दुखणं असेल, तर स्वादुपिंडाचा विचार करावा लागतो. स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रियाज. ही ग्रंथी पोटात अगदी मागे, मणक्याला टेकून असते. सोनोग्राफी केली, मग सीटी स्कॅन. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि तो शेजारच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचला होता. ऑपरेशन शक्य नव्हतं. शहरातल्या रुग्णालयात केमोथेरपी सुरू झाली. अधूनमधून तात्या माझ्याकडे सलाईनला, तपासणीला येत.

वेदना वाढत गेली. मी गोळ्या वाढवत गेलो. आधी पॅरासिटामॉल, मग ट्रॅमॅडॉल, मग ट्रॅमॅडॉलचा डोस जास्त. तात्यांना मळमळायचं, शौचाला चार-चार दिवस व्हायचं नाही. रात्री ते कॉटवर बसून, उशीवर डोकं टेकून झोपायचे. एकदा रात्री दोन वाजता त्यांना गाडीत घालून आणलं. मी इंजेक्शन दिलं आणि मुलाला बाहेर नेऊन म्हणालो, “या आजारात थोडं सहन करावंच लागतं.”

हे वाक्य आज मला आठवतं तेव्हा वाईट वाटतं. ते वाक्य चुकीचं होतं.

तात्यांचा पुतण्या केरळात असतो. आपल्या खानापूर-आटपाडी भागातली हजारो माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या पुतण्याचा मला फोन आला. “साहेब, आमच्या दुकानाशेजारच्या एकाला असाच पोटाचा कॅन्सर होता. त्याला पाठीतून नसांचं इंजेक्शन दिलं, मग तो झोपायला लागला. तसलं आपल्याकडं होत नाही का?”

होतं. मी एमडीला असताना ते शिकलो होतो. पण रोजच्या ओपीडीत बीपी, शुगर, ताप, डेंग्यू बघताना ते मनाच्या कोपऱ्यात गेलं होतं. मी माझ्या एका वर्गमित्राला फोन केला. तो भूलतज्ज्ञ आहे आणि वेदनेवरचे उपचार करतो. आठवड्याभरात तात्यांना ते इंजेक्शन मिळालं. त्या रात्री ते कित्येक आठवड्यांनी आडवे झोपले.

पूर्ण बरे झाले का? नाही. गोळ्या थोड्या लागतच होत्या. पण पुढचे साडेतीन महिने ते घरात जेवले, बोलले, ऑक्टोबर छाटणीच्या वेळी बागेत खुर्ची टाकून बसले आणि मजुरांना सूचना देत राहिले. मग आजाराने ते गेले. मी दोन महिने आधी फोन केला असता, तर ती बसून काढलेली दोन महिन्यांची रात्रही वाचली असती. काकूंचा प्रश्न तोच होता.

हे इंजेक्शन म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही ‘नस’ म्हणतो आणि मज्जातंतूलाही ‘नस’च म्हणतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू, म्हणजे नर्व्ह. वेदनेची बातमी मेंदूकडे नेणारी तार.

जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, लहान आतडं या सगळ्यांच्या वेदनेच्या तारा एका ठिकाणी एकत्र येतात. पोटाच्या मागच्या भागात, साधारण शेवटच्या बरगडीच्या पातळीवर, मणक्याच्या पुढे महाधमनी असते. तिला बिलगून मज्जातंतूंचं एक जाळं असतं. त्याला ‘सेलियाक प्लेक्सस’ म्हणतात.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हा गावचा डीपी समजा. घराघरातल्या तारा डीपीवर येतात. तिथला एक फ्यूज काढला की त्या लाईनचा पुरवठा बंद होतो. सेलियाक प्लेक्ससजवळ औषध सोडलं की पोटाच्या वरच्या भागातल्या वेदनेची बातमी मेंदूपर्यंत पोचत नाही किंवा फार कमी पोचते. कॅन्सर तिथेच असतो, पण त्याचा छळ कमी होतो.

ही काही कालपरवाची नवी टूम नाही. मॅक्स कापिस नावाच्या जर्मन सर्जनने पाठीतून सुई घालून हे जाळं बधिर करण्याची पद्धत १९१४ मध्ये मांडली. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली. तेव्हा सुई अंदाजाने घालत. आज एक्स-रेच्या सी-आर्म मशीनवर, सीटी स्कॅनवर किंवा सोनोग्राफीवर डॉक्टरांना सुईचं टोक दिसतं.

कसं करतात?

नेहमीची पद्धत अशी. पेशंटला काही तास उपाशी ठेवतात. रक्त गोठण्याच्या तपासण्या आधीच झालेल्या असतात. सलाईन लावतात. पेशंटला पालथं झोपवतात, पाठीची कातडी बधिर करतात आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी लांब, बारीक सुया आत नेतात. थोडं रंगद्रव्य सोडून सुई बरोबर जागी आहे ना, ते मशीनवर बघतात. मग आधी तात्पुरतं बधिर करणारं औषध देतात. त्यानंतर मज्जातंतूंचं काम दीर्घकाळ थांबवणारं औषध सोडतात. ते बहुतेक वेळा वैद्यकीय अल्कोहोल असतं, काही वेळा फिनॉल.

दुसरी पद्धत तोंडातून दुर्बीण घालून. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते आणि जठराच्या भिंतीतून सुई त्या जाळ्यापर्यंत नेतात. याला एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड म्हणतात. ही सोय मोठ्या शहरांतच जास्त आहे. पालथं झोपता येत नसेल तर पुढून, पोटातून सुई घालूनही हे करता येतं. कॅन्सर त्या जाळ्याभोवतीच पसरलेला असेल, तर डॉक्टर थोडं वर, छातीच्या शेवटच्या मणक्यांपाशी तेच मज्जातंतू गाठतात.

‘अल्कोहोल’ म्हटलं की काही जण दचकतात. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ. एका माळकरी आजोबांनी मला विचारलं होतं, “माळ घातलीय साहेब, हे चालंल का?” हे पिण्याचं नाही, दवाखान्यातल्या स्पिरिटच्या जातीचं औषध आहे. ते पोटात जात नाही, मज्जातंतूंपाशी सोडतात, हे समजावल्यावर ते तयार झाले. मात्र दारू सोडण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यांची आणि अल्कोहोलची रिॲक्शन येऊ शकते.

खालच्या पोटाच्या कॅन्सरचं काय?

वर सांगितलेलं जाळं पोटाच्या वरच्या भागाचं. गर्भाशय, गर्भाशयाचं तोंड, मूत्राशय, प्रोस्टेट, गुदाशय यांच्या तारा कमरेच्या शेवटच्या मणक्यापाशी दुसऱ्या एका जाळ्यात येतात. त्याला ‘सुपीरियर हायपोगॅस्ट्रिक प्लेक्सस’ म्हणतात. तिथेही असंच इंजेक्शन देता येतं. शौचाच्या जागेभोवती आग आणि वेदना असेल तर माकडहाडापाशी आणखी एक छोटी गाठ आहे, तिथे इंजेक्शन देतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आपल्याकडच्या बायकांमध्ये खूप आढळतो आणि बायका वेदना अंगावर काढतात. म्हणून हा परिच्छेद मुद्दाम लिहिला.

फायदा किती? खरं खरं सांगा

जे खरं आहे तेच सांगतो. १९९५ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सेलियाक प्लेक्ससच्या इंजेक्शननंतर सुमारे ७० ते ९० टक्के पेशंटना पूर्ण किंवा बऱ्यापैकी आराम मिळाल्याचं दिसलं. आराम साधारण तीन ते सहा महिने टिकतो. नंतर मज्जातंतू पुन्हा वाढू शकतात किंवा आजार पसरतो आणि वेदना परत येऊ शकते. गरज पडल्यास इंजेक्शन पुन्हा देता येतं.

दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या १०० पेशंटवर केलेला अभ्यास २००४ मध्ये आला. इंजेक्शन मिळालेल्यांची वेदना जास्त कमी झाली. पण मॉर्फिनसारख्या औषधांचा एकूण वापर आणि आयुष्याची लांबी यांत फरक पडला नाही. म्हणजे हे इंजेक्शन कॅन्सर बरा करत नाही, आयुष्य वाढवत नाही. मिळतो तो वेदनेपासून आराम. माझ्या मते तेवढ्यासाठी ते घेणं योग्य आहे.

तिसरा अभ्यास माझ्या मुद्द्याशी थेट जोडलेला आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ९६ पेशंटवर झालेला हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन न होणाऱ्या, वेदना असलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये निदान करतानाच दुर्बिणीतून हे इंजेक्शन दिलं, तर तीन महिन्यांनी त्या पेशंटची वेदना इतरांपेक्षा कमी होती. म्हणजे लवकर दिलेलं इंजेक्शन वाया गेलं नाही.

धोके कोणते?

सुई घातलेल्या जागी दुखणं तर जवळपास सगळ्यांनाच होतं. ते एक-दोन दिवसांत कमी होतं. त्याशिवाय दोन त्रास बऱ्याच जणांना होतात.

पहिला, बीपी उतरणं. उठून उभं राहिलं की चक्कर येते. म्हणून सलाईन देतात आणि काही तास झोपवून ठेवतात. घरी आल्यावरही दोन-तीन दिवस एकदम उठू नका. आधी कॉटवर बसा, मग धरून उभे राहा. रात्री बाथरूमला एकटं जाऊ देऊ नका.

दुसरा, जुलाब. आतड्यांना लागलेला ब्रेक या इंजेक्शनने थोडा सैल होतो. बहुतेकांना ते काही दिवसांत थांबतात. पाणी, मीठ-साखरेचं सरबत, ताक चालू ठेवा. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठ झालेल्या काहींना तर त्याने बरंच वाटतं.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, “पाय जाणार नाहीत ना?” हा धोका आहे, पण दुर्मीळ आहे. ब्रिटनमध्ये अशा २,७३० इंजेक्शनांची पाहणी झाली होती. त्यात ४ जणांना पायांतली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं अशी गंभीर इजा झाली. म्हणजे साधारण ६८३ मागे एक. रक्तस्राव, किडनीला किंवा फुप्फुसाला सुई लागणं हेही क्वचित होऊ शकतं. हे आकडे लपवून संमतीपत्रावर सही घेणं मला पटत नाही. पण रोज रात्री बसून काढणाऱ्या माणसासमोर हा आकडा ठेवला, तर बहुतेक जण हो म्हणतात, हा माझा अनुभव आहे.

सगळ्यांना देता येत नाही

माझ्याकडे पित्ताशयाच्या कॅन्सरच्या एक मावशी होत्या. तात्यांनंतरची ही गोष्ट, त्यामुळे मी लगेच पाठवलं. पण त्यांना कावीळ झाली होती, रक्त गोठत नव्हतं, पोटात पाणी भरलं होतं. पालथं झोपणं दूरच, त्यांना नीट आडवं होता येत नव्हतं. तज्ज्ञांनी इंजेक्शन द्यायला नकार दिला आणि तो योग्यच होता. त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. चार दिवसांत वेदना आटोक्यात आली. म्हणजे इंजेक्शन नाही म्हणजे काहीच नाही, असं नाही.

रक्त गोठण्यात अडचण असेल, सुई घालायच्या जागी जंतुसंसर्ग असेल, आतड्यात अडथळा असेल, तर हे इंजेक्शन टाळतात. कॅन्सर पोटाच्या भिंतीत किंवा मणक्याच्या हाडात शिरला असेल, तर तिथली वेदना दुसऱ्या तारांनी जाते. तिथे या इंजेक्शनचा उपयोग कमी.

म्हणूनच मी ‘वेळेवर’ या शब्दावर जोर देतो. पेशंट पालथा झोपू शकतो, रक्त बरोबर गोठतं, कावीळ-पाणी नाही, तासगावमार्गे सांगली-मिरजेपर्यंत किंवा कडेपूरमार्गे कराडपर्यंत गाडीत बसून जाऊ शकतो, तोपर्यंत हे सोपं असतं. शेवटच्या पंधरा दिवसांत हे सगळं अवघड होऊन बसतं. आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच विषय निघतो.

मॉर्फिनला घाबरू नका

जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी १९८६ मध्येच सांगितली. साध्या वेदनानाशक गोळ्या, मग कोडीन किंवा ट्रॅमॅडॉलसारख्या, मग मॉर्फिन. आपल्याकडचे पेशंट दुसऱ्या पायरीवरच महिनोन् महिने अडकून पडतात. तात्याही तिथेच अडकले होते आणि अडकवणारा मीच होतो.

लोकांच्या मनात मॉर्फिन म्हणजे ‘शेवटचं औषध’ किंवा ‘नशेचं औषध’. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी मॉर्फिन घेतल्यास व्यसनाची भीती फार कमी असते. बद्धकोष्ठ मात्र जवळपास सगळ्यांना होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध घ्यायचं. मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. त्यामुळे ‘इथे मिळत नाही’ असं उत्तर आलं, तर ‘मग कुठे मिळतं?’ हा पुढचा प्रश्न विचारा.

इंजेक्शन आणि मॉर्फिन हे एकमेकांचे शत्रू नाहीत. बऱ्याच पेशंटना दोन्ही लागतात. माझं मत एवढंच आहे की पोटाच्या वरच्या भागातला कॅन्सर असेल, ऑपरेशन होणार नसेल आणि जोरदार गोळ्या सुरू करायची वेळ आली असेल, तर त्याच दिवशी इंजेक्शनचीही चर्चा व्हावी. सगळ्या गोळ्या हरल्यावर नको.

सुई सगळी वेदना काढत नाही

केरळात पुतण्याला जे दिसलं त्यामागे एक इतिहास आहे. डॉ. एम. आर. राजगोपाल हे कालिकतच्या मेडिकल कॉलेजातले भूलतज्ज्ञ. त्यांनी वेदनेसाठी मज्जातंतूंची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली होती. त्यांनी स्वतः एक आठवण अनेकदा सांगितली आहे. कॅन्सरच्या एका पेशंटची वेदना त्यांच्या इंजेक्शनने थांबली. पेशंटने विचारलं, पुन्हा कधी येऊ? डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही, आजार बरा होण्यासारखा नाही. आजार बरा होणारा नाही हे त्या माणसाला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने त्याच रात्री आयुष्य संपवलं. राजगोपाल सांगतात की आपण मज्जातंतू बघितला, माणूस बघितला नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं. पुढे १९९३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कालिकतला वेदना आणि परिहार सेवेची संस्था सुरू केली. घरोघरी जाणारे स्वयंसेवक, नर्स आणि डॉक्टर यांचं जाळं तिथून केरळभर पसरलं. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केलं.

आपल्या महाराष्ट्रातही काही नाही असं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिपला केंद्र १९९७ पासून अशा पेशंटची सेवा करतंय. पण विट्यातल्या घरात रात्री दोन वाजता वेदना उठते तेव्हा मुंबई-पुणे लांब असतं. त्या वेळी जवळचा डॉक्टर हाच आधार असतो, म्हणून त्याला हे माहीत असलं पाहिजे. हे मी माझ्यासकट सगळ्या जनरल प्रॅक्टिशनर मित्रांना सांगतो आहे. कॅन्सरच्या फाईलमध्ये गाठ किती सेंटिमीटरची, हे प्रत्येक रिपोर्टवर असतं. वेदना दहापैकी किती, हे कुठेच नसतं. बीपी लिहितो तशी तीही आपण लिहिली पाहिजे.

“त्यांना कॅन्सर सांगू नका, साहेब”

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्यामागची माया मला समजते. पण यात एक अडचण आहे. या इंजेक्शनसाठी पेशंटची स्वतःची संमती लागते. पाठीत सुई का घालायची, धोका काय, फायदा काय, हे त्याला सांगावं लागतं. ज्याला आजारच सांगितलेला नाही, त्याला हे कसं सांगणार? मग घरचे म्हणतात, राहू दे इंजेक्शन. माझ्या पाहण्यात असे दोन पेशंट आहेत, ज्यांना केवळ या लपवालपवीमुळे आराम मिळाला नाही.

शिवाय पेशंटला बहुतेक वेळा कळलेलं असतं. तात्यांनी मला एकदा विचारलं होतं, “डॉक्टर, पोरं बोलत नाहीत, पण हे तेच ना?” मी हो म्हणालो. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “बरं झालं सांगितलं. आता एवढं दुखणं तेवढं कमी करा.” सगळं एका दमात सांगू नका. माणूस जेवढं विचारेल तेवढं, त्याला झेपेल तसं, जवळ बसून सांगा. खोटं मात्र सांगू नका.

डॉक्टरांना काय विचाराल?

ऑन्कॉलॉजिस्टकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. या वेदनेसाठी सेलियाक प्लेक्सस किंवा दुसरा नर्व्ह ब्लॉक करता येईल का? आत्ता करावा की थांबावं, आणि का?

२. तुमच्या रुग्णालयात वेदनातज्ज्ञ आहेत का? नसतील तर कुणाकडे पाठवाल? (हे काम मुख्यतः वेदनेचं प्रशिक्षण घेतलेले भूलतज्ज्ञ, काही ठिकाणी रेडिओलॉजिस्ट किंवा दुर्बीण करणारे पोटविकारतज्ज्ञ करतात.)

३. कोणत्या पद्धतीने करणार आणि किती दिवस राहावं लागेल?

४. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्या कधी बंद करायच्या? स्वतःच्या मनाने बंद करू नका.

५. खर्च किती? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं? योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना विचारा.

६. इंजेक्शननंतर चालू गोळ्या कशा कमी करायच्या? मॉर्फिन एकदम बंद करायचं नसतं.

जाण्यापूर्वी मिरज, सांगली, कराड, कोल्हापूर, जिथे उपचार चालू आहेत तिथे फोन करून विचारा. पेशंटला गाडीत घालून नेल्यावर ‘इथे होत नाही’ असं कळणं फार वाईट.

आणि घरी एक साधी वही ठेवा. सकाळ, दुपार, रात्र वेदना शून्य ते दहापैकी किती, झोप किती तास, शौचाला झालं का, एवढंच लिहा. ही वही दाखवली की डॉक्टरांना ‘थोडं दुखतं’ आणि ‘आठवडाभर झोप नाही’ यातला फरक लगेच कळतो.

शेवटी

कॅन्सर बरा होणार नाही, हे कधी कधी आम्हाला सांगावं लागतं. पण ‘वेदनेवर काही करता येणार नाही’ हे वाक्य जवळपास कधीच खरं नसतं. मी ते एकदा बोललो आणि त्याची किंमत तात्यांनी रात्र रात्र बसून मोजली. तुमच्या डॉक्टरांनी, मग ते मी असो वा दुसरं कुणी, असं म्हटलं तर गप्प बसू नका. आदराने, पण ठामपणे विचारा, “साहेब, नर्व्ह ब्लॉकचं काय?”

तुमच्या घरात, भावकीत, शेजारी असा पेशंट असेल तर त्यांच्यापर्यंत हा लेख पोचवा. काही शंका असेल तर पेशंटची फाईल आणि ती वही घेऊन ओपीडीत या. बसून बोलू.